‘बरा झाला’ हे कोणी ठरवायचे? एका रक्तरोगाच्या साक्षीपुराव्यांचा इतिहास

धागा. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

१९५० च्या दशकात रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगाचे रुग्ण उपचार घेऊन पुन्हा कामावर रुजू होत असत. ताप उतरलेला, वाढलेली पाणथरी ओसरलेली, पांढऱ्या पेशींची संख्या जागेवर आलेली. अनेकदा तर रक्तातील एका विकराची, म्हणजेच एन्झाइमची, पातळीही सामान्य झालेली असे. कागदोपत्री सारे आलबेल. आणि तरीही तीन ते पाच वर्षांच्या आत त्यांच्यातील बहुतेक जण दगावत.

मग त्या कागदांवर लिहिलेले ‘सामान्य’ म्हणजे नेमके काय होते? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. आजाराचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने सीएमएल. आपण इतिहासाचे विद्यार्थी साधनांची चिकित्सा करतो: बखर कोणी लिहिली, कधी लिहिली, लिहिणाऱ्याला काय दिसत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते. रक्ताच्या चाचण्यांनाही हेच प्रश्न विचारता येतात, आणि या आजाराच्या बाबतीत त्यांची उत्तरे विलक्षण आहेत.

सुरुवात १८४५ पासून करू. एडिंबरा येथे जॉन ह्यूज बेनेट या वैद्याने घरांच्या छपरावर दगडी पाट्या बसवणाऱ्या एका २८ वर्षांच्या कारागिराचे शवविच्छेदन केले. पाणथरी प्रचंड वाढलेली आणि रक्त पुवासारखे. बेनेटला वाटले, रक्तातच पू झाला आहे. त्याच वर्षी अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने बर्लिनमध्ये २४ वर्षांच्या रुडॉल्फ फिर्खोने असाच एक रुग्ण नोंदवला आणि त्याला ‘पांढरे रक्त’ एवढेच म्हटले. हा पू आहे असे त्याने गृहीत धरले नाही. जे दिसले तेवढेच लिहिले. १८४७ मध्ये त्याने ‘ल्युकेमिया’ हा शब्द रूढ केला. तोही ग्रीक भाषेतील ‘पांढरे रक्त’च.

श्रेय कोणाचे यावरून पुढे दोघांत बराच वाद झाला. तो सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्या काळी आजाराचा एकमेव साक्षीदार होता रक्ताचा रंग, आणि ती साक्ष बहुधा मृत्यूनंतरच नोंदवली जाई.

उपचार म्हणून सोमल वापरला जाऊ लागला. १८६० च्या दशकात जर्मनीत सोमलाच्या द्रावणाने एका रुग्णाला तात्पुरता उतार पडल्याची नोंद आहे. १८८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका रुग्णाविषयी छोटे पत्र छापून आले. लिहिणारा तरुण डॉक्टर होता आर्थर कॉनन डॉयल. होय, तोच. शेरलॉक होम्स अजून कागदावर उतरायचा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी पाणथरीवर क्ष-किरण सोडण्याची पद्धत आली, १९५३ मध्ये लंडनमधून बुसुल्फान हे औषध आले. पेशींची गणती खाली येई. रुग्ण हिंडू-फिरू लागे. पण आयुष्य फारसे लांबत नसे. डॉक्टरांच्या हाती आता सूक्ष्मदर्शक, पेशी रंगवण्याचे रंग आणि गणती होती, आणि ‘उतार पडला’ याचा अर्थ होता ‘गणती उतरली’.

येथे आपल्या कथेत ते विकर येते.

आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर असते. १९४० च्या दशकात ते पेशीतच रंगवून पाहण्याची युक्ती सापडली. विकर असेल तेथे रंग चढतो, नसेल तेथे पेशी फिकट राहते. १९५१ मध्ये अमेरिकेतील व्हॅलेंटाइन आणि बेक यांनी त्याचे रासायनिक मोजमाप करून दाखवले की सीएमएलच्या पेशींमध्ये हे विकर अत्यंत कमी असते. उलट, जंतुसंसर्गामुळे पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर ते भरपूर असते.

हे शोधणे किती मोलाचे होते, याची कल्पना करून पाहा. दोन रुग्ण समोर आहेत. दोघांच्याही रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आला आहे. एकाला तीव्र जंतुसंसर्ग आहे, तो पंधरा दिवसांत घरी जाईल. दुसऱ्याला कर्करोग आहे. साध्या गणतीवरून दोघांतला फरक कळत नव्हता. आता काचेच्या एका पट्टीवर रंगाचे काही थेंब टाकले की कळू लागला.

१९५५ मध्ये काप्लो या संशोधकाने ही चाचणी कोणत्याही साध्या प्रयोगशाळेला झेपेल अशी केली. १०० न्यूट्रोफिल मोजायचे. प्रत्येकाला रंगाच्या गडदपणानुसार ० ते ४ गुण द्यायचे. बेरीज करायची. म्हणजे एकूण गुण ० ते ४०० च्या दरम्यान. निरोगी माणसाचे गुण प्रयोगशाळेगणिक बदलत, पण साधारण २० ते १०० च्या घरात असत. सीएमएलच्या रुग्णाचे शून्याच्या आसपास. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे हे काम. तपासणाऱ्याच्या डोळ्यावर बरेच काही अवलंबून असे, ही त्यातली उणीव. पण स्वस्त, जलद आणि उपयोगी.

साहजिकच पुढचा विचार सुचला. आजारात विकर घटते, तर उपचारानंतर ते वाढले की आजार हटला असे म्हणावे का? बुसुल्फान घेतलेल्या अनेक रुग्णांमध्ये ते खरोखरच वाढे. गुण ५ वरून ५० वर गेले की डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हायसे वाटणे स्वाभाविक होते.

हे चित्र फिलाडेल्फियात विस्कटले.

१९५६ पर्यंत मानवी पेशीत गुणसूत्रे नेमकी किती, हेसुद्धा निश्चित नव्हते. ४८ हा आकडा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे चालत आला होता. त्या वर्षी तियो आणि लेव्हान यांनी ४६ हा आकडा सिद्ध केला. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर नॉवेल ल्युकेमियाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होता. काचपट्ट्या धुताना त्याने साधे नळाचे पाणी वापरले. पाणी आत शिरून पेशी फुगल्या आणि एरवी एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रे सुटी होऊन पसरली. गुणसूत्रांविषयी नॉवेलला स्वतःला फारशी माहिती नव्हती. ती असलेला डेव्हिड हंगरफर्ड हा विद्यार्थी त्याला येऊन मिळाला. (विद्यार्थी! ही गोष्ट आम्हा मंडळींना विशेष सुखावते.)

१९६० मध्ये दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अगदी छोटी नोंद छापली. सीएमएलचे सात रुग्ण तपासले होते आणि सातही जणांच्या पेशींत एक गुणसूत्र अस्वाभाविकपणे चिमुकले होते. शहरावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. नावापुढे ‘१’ चा छोटा अंकही लावला जाई, कारण अशी आणखी गुणसूत्रे रांगेने सापडतील असा भरवसा होता. तशी रांग काही लागली नाही. पुढे तो ‘१’ गळून पडला.

कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावे, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी याने १९१४ मध्येच सुचवले होते. त्याला पहिला ठोस आधार मिळायला ४६ वर्षे लागली.

आता दोन साक्षीदार झाले, एक विकर आणि एक गुणसूत्र. उपचारानंतर दोघांचीही जबानी घेतली गेली तेव्हा ती जुळेना. बुसुल्फानमुळे ज्यांची तब्येत सुधारली होती, गणती जागेवर होती, विकराचे गुणही सामान्य झाले होते, त्यांच्या अस्थिमज्जेतील जवळजवळ सर्व पेशींमध्ये फिलाडेल्फिया गुणसूत्र जसेच्या तसे होते. फौज हटली नव्हती, फक्त तंबू झाकले होते.

येथे एक सुंदर फसगत घडली. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग हाच. १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम या स्थितीत २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असते, असे लक्षात आले होते. या मुलांच्या पांढऱ्या पेशींत अल्कलाइन फॉस्फेटेज नेहमीपेक्षा अधिक आढळले. इकडे सीएमएलमध्ये तेच विकर कमी होते, आणि आखूड झालेले गुणसूत्रही २१ क्रमांकाचे आहे असा तेव्हाचा समज होता. तीन प्रती असल्या की विकर जास्त, एक प्रत तुटली की विकर कमी. म्हणजे या विकराचे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असणार!

तर्क इतका नेटका होता की तो चुकीचा असेल अशी शंका येणेच कठीण. पण तो चुकीचा होता. १९७० मध्ये स्वीडनमधील कॅस्परसन आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांवर चमकणारे पट्टे उमटवणारा रंग वापरून दाखवले की फिलाडेल्फिया गुणसूत्र २१ वे नसून २२ वे आहे. आणि त्या विकराचे जनुक पुढे सापडले ते थेट पहिल्या गुणसूत्रावर. दोन खऱ्या निरीक्षणांना एका देखण्या कारणाने जोडण्याचा मोह आपल्या क्षेत्रातही काही कमी नाही. शिलालेखातील एक नाव आणि ताम्रपटातील एक नाव सारखे दिसले की वंशावळ तयार!

मग विकर घटते तरी का? पुढील संशोधनाचे उत्तर असे की सीएमएलच्या पेशींमध्ये ते बनवण्याची क्षमता शाबूत असते. ते बनवण्याचा हुकूम पेशीबाहेरील रासायनिक संदेशातून येतो. रक्तात न्यूट्रोफिलांची गर्दी उसळलेली असते तेव्हा हा संदेश क्षीण होतो. गर्दी ओसरली की संदेश पुन्हा येतो आणि त्याच कर्करोगी पेशी विकर बनवू लागतात. जंतुसंसर्ग झाला किंवा गरोदरपण असले तरीही गुण वाढू शकतात. आणि क्रूर भाग असा की आजार अखेरच्या, तीव्र अवस्थेकडे झुकला तरीही ते वाढू शकतात.

म्हणजे विकर खोटे बोलत नव्हते. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ते गर्दीविषयी सांगत होते आणि ऐकणारे त्यातून मुळाविषयीचा निष्कर्ष काढत होते.

गुणसूत्राचा तुटलेला तुकडा गेला कोठे, हे शोधले शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडत बसत. १९७३ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की २२ व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९ व्या गुणसूत्रावर जाऊन बसला आहे. नंतर सिद्ध झाले की ९ व्याचाही एक लहान तुकडा २२ व्यावर आला आहे. सरळ अदलाबदल.

या अदलाबदलीत काय घडते, हे १९८० च्या दशकात उलगडले. ९ व्यावरचे एबीएल हे जनुक २२ व्यावरील बीसीआर या भागाला चिकटते. त्यातून एक जोडप्रथिन तयार होते आणि तेसुद्धा एक विकरच असते, टायरोसिन कायनेज जातीचे. इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट चिकटवून ‘वाढा, विभागा’ असा इशारा देणे हे त्याचे काम. निरोगी पेशीत हे बटण गरजेनुसार सुरू आणि बंद होते. या जोडप्रथिनात ते सुरूच अडकते. १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले की हे एकच प्रथिन हा आजार निर्माण करायला पुरेसे आहे.

योगायोग पाहा: फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एका विकराच्या मागावर डॉक्टर तीस वर्षे होते, आणि खरा गुन्हेगार निघाला फॉस्फेट चिकटवणारे दुसरेच विकर.

दरम्यान ‘उतार’ या शब्दाचा अर्थ बदलू लागला होता. १९७९ मध्ये सिॲटलच्या डॉक्टरांनी चार रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची अस्थिमज्जा दिली आणि चौघांमधूनही फिलाडेल्फिया गुणसूत्र नाहीसे झाले. ते हटू शकते, हे प्रथमच ठामपणे दिसले. पाठोपाठ ह्यूस्टनमध्ये इंटरफेरॉनच्या उपचाराने काही रुग्णांत ते कमी होऊ लागले. मग त्याचीही मोजपट्टी आली: अस्थिमज्जेच्या पेशी तपासायच्या, एकाही पेशीत ते गुणसूत्र नसेल तर प्रतिसाद संपूर्ण, १ ते ३५ टक्के पेशींत असेल तर आंशिक. रंगाच्या गुणांची जागा आता गुणसूत्रांच्या टक्केवारीने घेतली.

पुढचा अध्याय बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगतो. बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आदींनी कायनेज विकरे रोखणारी संयुगे तयार केली. ओरेगॉनच्या ब्रायन ड्रुकर यांनी त्यांतील एक निवडून धरले. १९९६ मध्ये प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. बातमी इतकी पसरली की औषधाचा पुरवठा वाढवावा म्हणून रुग्णांनी इंटरनेटवर सह्या गोळा करून कंपनीच्या प्रमुखांकडे पाठवल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त सामान्य झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाचे नाव इमॅटिनिब, व्यापारी नाव ग्लिव्हेक.

पण ‘रक्त सामान्य झाले’ एवढ्यावर आता कोणाचा विश्वास बसणार? ११०६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत म्हणूनच गुणसूत्रे मोजली गेली. १८ महिन्यांनी संपूर्ण गुणसूत्रीय प्रतिसाद इमॅटिनिबच्या गटात ७६.२ टक्के, जुन्या इंटरफेरॉन उपचाराच्या गटात १४.५ टक्के. दहा वर्षांनी इमॅटिनिबच्या गटातील ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. धाग्याच्या आरंभी दिलेला तीन ते पाच वर्षांचा हिशेब येथे पुन्हा आठवून पाहा.

आता मुंबईकडे येऊ, कारण या कथेतील एक निर्णायक लढा आपल्या शहरातून लढला गेला.

भारतात सीएमएलचे रुग्ण पाश्चात्य देशांतील रुग्णांपेक्षा बरेच तरुण असतात. ऐन कमावत्या वयात, तिशी-चाळिशीत आजार गाठतो. ग्लिव्हेकची किंमत होती महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. २००३ मध्ये नोव्हार्टिसला (सिबा-गायगीच्या विलीनीकरणातून झालेली कंपनी) भारतात विक्रीचा अनन्य हक्क मिळाला आणि स्वस्त गोळ्यांवर गदा आली. आपण बहुसंख्य भारतीय रुग्णांना औषध मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि तशी योजना खरोखरच होती. पण उद्या ती योजना बंद झाली तर? मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था भारतीय कंपन्यांसोबत पेटंटच्या विरोधात उभी राहिली.

२००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण पायरी-पायरीने चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. रंजना देसाई मुंबई उच्च न्यायालयातून तेथे गेलेल्या.

निकालाचा गाभा आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. कंपनी म्हणत होती, औषधाचे हे नवे स्फटिकरूप शरीरात सुमारे ३० टक्के अधिक शोषले जाते. पेटंट कायद्यातील कलम ३ (ड) म्हणते, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढलेली असली पाहिजे. न्यायालयाने विचारले: परिणामकारकता म्हणजे काय? आणि उत्तर दिले की औषधाच्या बाबतीत तिचा अर्थ रोग बरा करण्याची क्षमता. जास्त शोषले जाणे म्हणजे आपोआप जास्त बरे करणे नव्हे; ते स्वतंत्रपणे दाखवावे लागेल, आणि ते दाखवलेले नव्हते. अपील फेटाळले गेले. १९५० च्या दशकातील डॉक्टरांना विकराच्या गुणांनी जो चकवा दिला होता, त्याच जातीचा प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत विचारला गेला, असे मला वाटते.

स्वस्त गोळी हाती आली, पण तपासणीचा प्रश्न उरतोच. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी अस्थिमज्जा काढावी लागते आणि वीस-तीस पेशीच पाहता येतात. तेथे शून्य दिसले तरी शरीरात अब्जावधी कर्करोगी पेशी असू शकतात. म्हणून तिसरा साक्षीदार आला. जोडजनुकाचा आरएनए-संदेश रक्ताच्या नमुन्यातून पीसीआरने मोजायचा. ही चाचणी लाखभर पेशींतील एखादी शोधून काढते. मात्र प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा निराळा येई. २००५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे तज्ज्ञांनी समान मोजपट्टी सुचवली: उपचारापूर्वीची प्रमाणित पातळी १०० टक्के धरायची आणि ती हजारपटीने उतरून ०.१ टक्क्यावर आली की त्याला मोठा रेणवीय प्रतिसाद म्हणायचे. आज रुग्णाच्या हाती जो अहवाल पडतो त्यावर हाच आकडा असतो. तो अचानक चढू लागला तर गोळी चुकते आहे किंवा जनुकात नवा बदल होऊन औषध निष्प्रभ होते आहे, हे तब्येत बिघडण्याच्या महिनोन्महिने आधी कळू शकते. अशा बदलांपैकी सर्वांत हट्टी बदल, टी३१५आय, २००१ मध्येच सापडला होता. त्याच्यावर चालणारे औषध यायला २०१२ उजाडले.

मग तो जुना प्रश्न पुन्हा विचारण्याचे धाडस फ्रान्समध्ये झाले. ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षे या जनुकाचा मागमूस नव्हता, अशा १०० रुग्णांचे औषध डॉक्टरांनी थांबवले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर सुमारे ४१ टक्के लोकांत आजार परतलेला नव्हता. उरलेल्यांत तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच डोके वर काढे, आणि गोळी पुन्हा सुरू केली की नमते घेई.

ज्यांच्यात तो परतला नाही, त्यांची तपासणी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याहूनही सूक्ष्म पद्धतीने केली, थेट डीएनएमध्ये. गोळीविना सुखाने जगणाऱ्या त्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात ते जोडजनुक अजूनही होते. आणि १९९० च्या दशकातच आणखी एक गोष्ट नोंदवली गेली होती: ज्यांना हा आजार कधीच झाला नाही अशा धडधाकट माणसांच्या रक्तातही, पुरेशा बारकाईने शोधले तर, ते अधूनमधून सापडते.